गॉर्डीची नवी पाती

विरोक्वा, विस्कॉन्सिन
३ सप्टेंबर १९९६

प्रिय मर्ना,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी, उरले तर.

ती बाणाची पाती तू गॉर्डीच्या गळ्यात मारलीस ती मारलीस, वर चर्चच्या मक्याच्या जेवणात चारचौघांत माझ्या नवऱ्याच्या तोंडून तुझं नाव ऐकायची पाळी माझ्यावर आणलीस. मर्ना म्हणते ही पाती मिटलेली उडतात आणि हरणाला लागली की उघडतात. मर्ना म्हणते जखम रुंद होते. मर्ना म्हणते यांना घरी धार लावायची कटकटच नाही. मी मागे बटाट्याचं भांडं घेऊन उभी. चर्चमधल्या फिलिसने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही माझ्या घरी कुणी वारलंय. बहीण माझी, नवरा माझा, आणि भांडं धरायला मी.

फोन करत नाही. फोनवर तू हसतेस आणि मला काय बोलायचं होतं ते मी विसरते. आठवीनंतर गाई माझ्या वाट्याला आल्या आणि पुस्तकं तुझ्या, तेव्हा अक्षर लागेल तसं वाच.

तुला माहीत नाही असं नाही, तरी सांगते. दर ऑगस्ट संपता संपता आम्ही दोघं मागच्या ओट्यावर बसतो. तो बाण धरतो, मी कानस चालवते. दोन धारांची साधी पाती. आधी कानस, मग दगड, मग कातडी पट्टा. मग रबरबँड ताणून धरायचा आणि पातं नुसतं टेकवायचं. तटकन तुटला तर ठीक, नाहीतर पुन्हा कानस. मग तो एकेक बाण पेंढ्याच्या गठ्ठ्यावर मारून बघतो, कारण पातं बसवलं की बाण जरा वेगळा उडतो, आणि मी त्याच्या मागे उभी राहून सांगते, हा डावीकडे गेला, हा चांगला. मचाणावर बसणं मला कधी जमलं नाही, पाय बधिर होतात. पण हे माझं होतं. हे, आणि नंतर रक्ताचा माग काढणं. हरणाला बाण लागला की तो स्वयंपाकघराच्या दारात येतो, टोपी काढतो आणि चल म्हणतो. मी गॅस बंद करते आणि निघते. त्याच्या बाणाचं एकही हरीण मी आजवर झुडपात सडू दिलेलं नाही.

यंदा ओट्यावर मी एकटी बसले. तो म्हणाला, यंदा गरज नाही, तयार धारेची आणलीत.

आणि दर गुरुवारी दूध काढून झालं की ट्रक काढून टोमाला तुझ्या धनुष्यबाणाच्या दुकानात सरावाला. आमच्या गोठ्यामागचा गठ्ठा काय नासलाय? तसलं काही माझ्या मनात नाही. तसलं असतं तर पत्र लिहिलं नसतं, गाडी काढून आले असते. पण एवढा वेळ तुम्ही बोलता काय? माझ्याशी तो जेवताना दुधाच्या भावापलीकडे जात नाही. तुझ्याशी बोलायला त्याच्याकडे एवढं काय साठलंय, ते कळव.

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवायची सध्या गरज नाही.

अर्डिस


टोमा
६ सप्टेंबर

प्रिय अर्डिस,

सप्रेम नमस्कार वि. वि. तुझ्यासारखा शेवटी ठेवत नाही, आधीच घालून मोकळी होते.

तुझं पत्र काउंटरवर उभ्याने वाचलं आणि गिऱ्हाईक ताटकळलं. बाई, ती पाती मी त्याला दिली नाहीत. माझ्या सुटीच्या दिवशी येऊन दुसऱ्याकडून घेऊन गेला. मला कळलं तेव्हा त्याला चार गोष्टी सुनावल्या. म्हटलं, गॉर्डी, ही पाती वाईट नाहीत, मी गठ्ठ्याने विकते, पण तुझ्यासाठी नाहीत. तुझ्यासाठी अर्डिसची जुनीच बरी. त्यावर मान डोलावून गेला आणि तुमच्या चर्चमध्ये जाऊन माझ्या नावावर हे सगळं खपवलं, ते आत्ता तुझ्याकडून कळतंय. बरं झालं लिहिलंस.

गुरुवारचं म्हणशील तर तो येतो, दुकानामागच्या सरावाच्या जागेत बाण मारतो, मी केलेला सफरचंदाचा केक खातो आणि जातो. बोलणं म्हणजे वारा, मका, आणि ओकच्या झाडांना यंदा फळ किती लागलंय. तुझ्या हेव्याला पोटभर होईल असं त्यात काहीच नाही गं. केकवर जळायचं असेल तर जळ, तो खरंच चांगला होतो.

तूच का येत नाहीस एखाद्या गुरुवारी? ट्रकमध्ये दुसरी बैठक आहे ना?

पाय कसे आहेत? गोठ्यात रबरी बूट घालून दिवसभर उभी राहू नकोस.

तुझ्या रागासकट तुझा लोभ असावा ही विनंती.

मर्ना


विरोक्वा
१६ सप्टेंबर

मर्ना,

प्रिय वगैरे आज नाही.

त्याच्यासाठी नाहीत, असं तू लिहिलंस. माझ्या नवऱ्यासाठी काय आहे आणि काय नाही हे तुला कसं कळतं, हे मी आठवडाभर गाईंना विचारत होते. मग शनिवार उजाडला, शिकारीचा पहिला दिवस, आणि तुझा केक आणि तुझा वारा माझ्या चांगला ध्यानात आला.

सकाळी तो मचाणावरून परत आला तेव्हा मी अंडी धूत होते. चेहऱ्यावरून कळलं, बाण लागलाय. मी हात पुसले. गॅस बंद केला. जाकीट घेतलं. आणि तो माझ्या शेजारून भिंतीवरच्या फोनकडे गेला आणि पाठ करून तुला फोन लावला. मी जाकीट घालून तिथेच उभी. घरात माग काढणारी बाई उभी असताना त्याने चाळीस मैलांवरून दुसरी मागवली.

तू आलीस. तुम्ही दोघं दलदलीच्या गवतात वाकून फिरत होतात आणि मी मोरीच्या खिडकीतून बघत होते. तू पुढे, तो मागे. मी पुढे असते आणि तो मागे असतो. ते पिवळ्या फुलांचं झुडूप ओलांडून तू सरळ पुढे गेलीस, मला खिडकीतून कळत होतं की हरीण तिथूनच ओढ्याकडे वळलं असणार. रिकाम्या हाताने आलात. माझ्या टेबलावर बसून माझं सूप प्यायलात आणि दोघं बशीकडे बघत राहिलात. सूप खारट झालं होतं. मुद्दाम केलं होतं.

काल कोंबड्यांचं खाद्य काढायला ट्रकच्या मागे गेले. पोत्यांखाली तो बाण. शिकारी आपला बाण लपवतो कधी? पुसलेलासुद्धा नव्हता, म्हणून मला सगळं वाचता आलं. हरणाच्या खांद्याचे राठ, काळपट केस. रक्त टोकापासून दोन बोटं, बस. फेस नाही, म्हणजे फुप्फुसाला लागलाच नाही. एक पातं उघडलेलं, दुसरं अर्धवट, तिसरं मिटलेलं तसंच. गॉर्डीचा बाण हरणातून आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतायचा, मी किती वेळा उपटून काढलाय. हा दोन बोटं गेला आणि गळून पडला.

मग मी आत गेले आणि खुंटीवरचं धनुष्य काढलं. मर्ना, ते घेतलं तेव्हा मी गंमत म्हणून दोरी ओढून बघितली होती, वीतभरही आली नव्हती, तो हसून हसून लाल झाला होता. काल मी ओढली. आली. हनुवटीपर्यंत आली. बाण नसताना सोडू नये एवढं मला कळतं, हळूच परत नेली.

माझ्यासारख्या बाईला ओढता येईल एवढा त्या धनुष्याचा ताण कुणी उतरवला? तुझ्या दुकानात उतरवलाय, दुसरीकडे तो जात नाही. का उतरवला? त्याला काय झालंय? तू त्याची मेहुणी, मी त्याची बायको. उलटं कधी झालं ते मला सांगायचं राहिलं का?

लोभाचं नंतर बघू.

अर्डिस


टोमा
१९ सप्टेंबर

प्रिय अर्डिस,

नमस्कार. आज थट्टा नाही.

त्याने मला शब्द द्यायला लावला होता, तो मी आता मोडते. जूनमध्ये गवताच्या गाडीवरून पडला, तुला सांगितलं कंबर लचकली. कंबर नाही, उजवा खांदा. आतला स्नायू फाटलाय. डॉक्टर म्हणाले शस्त्रक्रिया करा, आणि केली तरी पूर्वीसारखा ताण ओढता येईलच असं नाही. तो तिथून सरळ माझ्याकडे आला आणि धनुष्याचा ताण उतरवून दे म्हणाला. एका बैठकीत जमलं नाही. दर गुरुवारी थोडा थोडा उतरवत गेलो, कुठवर झेपतं ते बघत. तेच आमचं बोलणं.

पात्यांवरून आमचं भांडण झालं ते खरं. त्याला वाटलं, बाण हलका बसणार तर जखम तरी रुंद व्हावी. मी सांगितलं, उलट आहे. ती पाती उघडण्यातच बाणाची निम्मी ताकद जाते. जोर असलेल्या धनुष्याला ती परवडतात. हलक्या धनुष्याला अरुंद, दोन धारांचं, वस्तऱ्यासारखं पातं लागतं, अर्डिस करते तसं. तो म्हणाला, ते ठाऊक आहे, पण ती पाती वापरायची तर ओट्यावर बसावं लागेल, आणि मग गठ्ठ्यावर बाण मारताना ती मागे उभी असेल. तिला माझं कोपर एकदा दिसलं की संपलं. शनिवारी तुला नेलं नाही तेही त्याचसाठी. तू बाण हातात घेतला असतास तर पाच मिनिटांत सगळं ओळखलं असतंस. मला ओळखायचं काही नव्हतंच.

ते हरीण जगेल. ओढ्यापर्यंत गेलो नाही ही माझी चूक, पण खांद्याच्या मांसाला लागलेली हरणं बरी होतात.

आता माझं. रॉजर मला सोडून गेल्यापासून मी एकटी शिकार करते, एकटी माग काढते, एकटी ओढून गाडीत घालते. शनिवारी फोन वाजला आणि कुणीतरी मला ये म्हणालं. मी पोचले तेव्हा तू दारात जाकीट घालून उभी होतीस हे मला दिसलं होतं. तरी मी गेले. मला फार बरं वाटलं. तुझ्याकडे दर वर्षी कुणीतरी टोपी काढून चल म्हणतं, याचा मला किती वर्षं हेवा वाटतो ते तुला ठाऊक नाही.

शक्य असेल तर लोभ ठेव.

मर्ना


विरोक्वा
२२ सप्टेंबर

प्रिय मर्ना,

प्रिय लिहिलंय, त्याचा फार अर्थ लावू नकोस.

तू खरं सांगितलंस, उशिरा. तो मला घाबरला हे ऐकून मला बरं वाटेल असं तुला वाटलं असेल. नाही वाटलं. फाटलेला खांदा त्याने पहिल्यांदा तुला दाखवला. मी रागावले असते म्हणून? असतेच रागावले. गवताच्या गाडीवर माकडासारखा चढतो त्याबद्दल रागवायचं कुणी? ते माझं काम आहे. तेसुद्धा तुला करू दिलं असतं तर मला काय उरलं असतं?

काल दूध काढून झाल्यावर मी धनुष्य घेऊन गोठ्यामागे गेले आणि त्याला हाक मारली. म्हटलं, ओढ. त्याने आधी दोन्ही तळवे विजारीला पुसले. मग ओढलं. कोपर थरथरलं, खांदा कानापर्यंत वर चढला, तोंड वाकडं झालं. मी मागे उभी होते. बाण डावीकडे गेला. मी म्हटलं, डावीकडे गेला. एवढंच बोलले. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि खालीच बसला. नंतर म्हणाला की त्याला वाटलं होतं, असं बघितल्यावर मी मागे उभी राहणंच सोडून देईन. मी त्याला गाढव म्हटलं. दिवसभरात तीनदा म्हटलं.

शस्त्रक्रिया डिसेंबरात, बंदुकीच्या शिकारीचा हंगाम झाला की. तोवर भात्यात जुनी पाती आहेत, मी घासलेली, आणि लांबचं हरीण सोडून द्यायचं असं त्याच्याकडून वदवून घेतलंय. ती उघडझाप करणारी डब्यासकट तुला पाठवतेय. दुकानात परत घेत असतील तर घे, नाहीतर जोर असलेल्या कुणालातरी दे. गुरुवारचा केक बंद. म्हणजे त्याला बंद. मला एखादा पाठवलास तर हाकलून देणार नाही.

आता मुख्य. पुढच्या शनिवारी तो पुन्हा मचाणावर चढतोय. मी काही बोललेली नाही आणि बोलणारही नाही. मला त्याने स्वतः बोलवायला हवं, मी जाकीट घालून दारात उभी राहणार नाही दुसऱ्यांदा. सवय वाईट असते. त्याचा हात फोनकडे गेला आणि तुझ्याकडे घंटी वाजली, तर तू म्हणायचंस, मला जमणार नाही, घरात विचार. तुला बरं वाटणार असलं तरी म्हणायचंस. हे मी मागतेय हे त्याला कळता कामा नये.

आणि तुझ्या स्वतःच्या बाणाला हरीण लागलं की फोन इकडे करायचा. गॉर्डीला नाही, मला. मी गॅस बंद करून चाळीस मैल येईन, पुढे मी असेन, आणि ओढ्याकडचं झुडूप मी ओलांडणार नाही. वाटेत तुझ्यावर ओरडेन, ते ऐकून घ्यावं लागेल.

दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. एक घेऊन दुसरी ठेवणं चालणार नाही. फोन करू नकोस, तू हसशील नाहीतर रडशील, आणि मला दोन्ही ऐकायचं नाही. कागदावर लिही. कबूल आहे की नाही, शुक्रवारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी बहीण,
अर्डिस