यांचं अकाउंट चालू आहे

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.
वाचनालयात ‘ओळखचोरी आणि आपण’ या विषयावर व्याख्यान झालं. पहिल्या रांगेत बसले. वक्ता वयाने लहान, पण मुद्द्याचं बोलला. आपलं नाव, फोटो, जन्मतारीख आणि आधार नंबर एवढं हाती लागलं की आपल्या नावाने दुसरंच कुणी उभं राहू शकतं. ओटीपी कुणाला सांगू नये. आधारची झेरॉक्स दिली तर ती कशासाठी दिली ते तिच्यावरच लिहावं. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, नातेवाइकांची नावं सगळ्या जगाला दिसतील अशी टाकू नयेत. सगळीकडे एकच पासवर्ड नको.
यातलं बहुतेक मला ठाऊक होतं. शाळा सातवीला सुटली, वाचन सुटलं नाही. आमच्या आळीत या विषयावर बोलू शकेल अशी मीच.
दमयंती आली नव्हती. तिला काय गरज! तिचा नवरा आहे सगळं बघायला.
संकल्प: उद्या सगळे पासवर्ड बदलणे.
रोजच्यासारखा यांच्या अकाउंटवरून माझ्या फोटोला लाईक दिला. आज कुंडीतल्या अबोलीचा फोटो होता. हे असते तर यांनी दिलाच असता. तेव्हा त्यात खोटं काही नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
पासवर्ड बदलले. आतापर्यंत सगळीकडे यांचं नाव आणि जन्मसाल होतं. आताचे असे आहेत की चोर काय, मलाही सहज आठवणार नाहीत. आधारचा अंगठासुद्धा लॉक करून टाकला. यांच्या अकाउंटचा पासवर्ड तेवढा तसाच ठेवला. तो यांनी ठेवलेला आहे.
निशिगंधाला डोंबिवलीला फोन केला. आईचं कौतुक करील असं वाटलं होतं. तर म्हणाली, आई, आधी बाबांच्या अकाउंटचं बघ. कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला की अकाउंट ‘स्मरणार्थ’ होतं. मग त्यात कुणाला शिरता येत नाही. त्याआधी त्यातले मेसेज, फोटो उतरवून घे.
कुणाला म्हणजे मलाही? असं विचारलं. म्हणाली, तू कशाला शिरशील त्यात?
बघू म्हटलं. घाई कसली? मेसेज काही पळून जात नाहीत.
मेसेज सगळे मासळीबाजारातले. ‘बांगडा ताजा आहे.’ ‘सौंदाळे आणू का?’ मी उत्तर देईपर्यंत सौंदाळे पिशवीत पडलेले असायचे. हे जाऊन तीन वर्षं झाली. मी ते रोज एकदा वाचते. एकदाच.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार.
दमयंती येऊन गेली. अलोऱ्याला कोयनेच्या कॉलनीतही ती आमच्या शेजारीच होती. आम्ही रत्नागिरीला आलो, मागोमाग तिच्या भागोजीरावांची बदली झाली आणि त्यांनी घर घेतलं ते नेमकं आमच्या समोर. एवढ्या मोठ्या गावात दुसरी जागाच नव्हती जणू.
म्हणाली, गंगावहिनी, काल मला अनिलभाऊंची फ्रेंड रिक्वेस्ट आली हो! निशिगंधाने आठवण म्हणून काढलंय ना अकाउंट? मी लगेच घेतली. आज सकाळी शुभ प्रभात म्हणून गुलाब पण आला.
फोन बघितला. नाव यांचं. फोटोही यांचाच, भाट्याच्या पुलावरचा. वर्षश्राद्धाला मी टाकलेला, सगळ्यांसाठी खुला. पण अकाउंट यांचं नव्हे. यांच्यात मी सकाळीच जाऊन आले होते.
ही ओळखचोरी आहे, ताबडतोब ब्लॉक कर, असं तिला शांतपणे सांगितलं. ती तोंडाला हात लावून म्हणाली, अगोबाई, एवढ्या छान गुलाबात चोरी?
गुलाब. अख्ख्या संसारात यांनी मला एक गुलाब आणला नाही. फुलांपैकी यांना फक्त आंब्याचा मोहोर दिसायचा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
मागच्या आळीतल्या खतिजाभाभीला रिक्वेस्ट गेली आहे. तिच्या नवऱ्याला, फारुकभाईंना, थेट कुवेतला गेली आहे. वाचनालयाच्या बाईंना, गॅसवाल्याला, यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना गेली आहे.
मला नाही.
फोन बंद करून पुन्हा चालू केला. नाही.
निशिगंधाला विचारलं, असं का असेल? म्हणाली, आई, चोर बायकोला कशाला पाठवेल? ती पहिल्यांदा ओळखणार. म्हटलं, मी बायको आहे हे त्याला काय ठाऊक? म्हणाली, तुझं आडनाव मांडवकर, निम्म्या फोटोंत बाबा. तो चोर आहे, आंधळा नाही. बाबांच्या अकाउंटचं केलंस का?
कुकर लावायचा होता. फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार.
दमयंतीने ब्लॉक केलेलं नाही! म्हणते, राहू दे हो वहिनी, सकाळी सकाळी बरं वाटतं. आमच्या ह्यांच्या तोंडून दिवसभरात ‘चहा’ हा एकच शब्द निघतो.
म्हणजे हिचा स्वतःचा नवरा जिवंत, आणि माझा गेलेलाही सकाळ झाली की हिलाच मेसेज करतो.
मला मत्सर वगैरे नाही. मी सुरक्षेच्या दृष्टीने बोलते आहे.
जाता जाता दारात थांबून तिने विचारलं, तुमच्या फोटोला रोज संध्याकाळी भाऊंचा लाईक असतो, तो कोण देतं हो? मी म्हटलं, मला काय ठाऊक, तिकडे यंत्रात काही बिघाड असेल. ती हं म्हणाली. तिचं ते हं मला अलोऱ्यापासून माहीत आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार.
पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले. अंगठा लागेना. पुसून लावला, दुसरा लावला. कॅमेऱ्यापुढे चेहरा धरला, तोही नाही. मशीनपुढची मुलगी म्हणाली, काकू, तुम्ही आधार लॉक केलंय, ॲपमधून उघडा. ॲपने पासवर्ड मागितला. नवा. आठवेना.
मागे रांग. एक आजोबा म्हणाले, बाई जिवंत दिसतायत, घ्या की लिहून.
तसंच घरी यावं लागलं. मी जिवंत असल्याचा पुरावा मिळेना, आणि हे जाऊन तीन वर्षं झाली तरी आळीभर गुलाब वाटत फिरतायत.
एक मात्र सिद्ध झालं. माझी सुरक्षा इतकी पक्की आहे की माझ्या नावावर मलासुद्धा काही करता येत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
सापळा लावला. रिक्वेस्ट माझ्याकडे आली तर पुरावा हाती येईल. त्याने बायको म्हणून ओळखू नये यासाठी अकाउंटवरचं मांडवकर काढून माहेरचं आडनाव लावलं. निळ्या साडीतला फोटो ठेवला, त्यात जरा वजन कमी दिसतं. हे सगळं पुराव्यासाठी.
संध्याकाळपर्यंत रिक्वेस्ट नाही. खतिजाभाभीचा फोन आला. भाभी, तुमच्या नावाचा पण चोर निघाला काय? फोटोत कुणी भलतीच बाई आहे, मी ब्लॉक करून टाकली. आमच्या फारुकला पण करायला लावली.
मांडवकर परत लावलं. भाभीकडून स्वतःला सोडवून घेण्यात उरलेला दिवस गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
महिला मंडळात या विषयावर बोलले. झकास झालं. फोन नंबरसुद्धा तोंडपाठ सांगितला, १९३०, फसवणूक झाली की लगेच लावायचा. ओळखीच्या माणसाचं नाव आणि फोटो दिसला म्हणजे तो तोच असं समजू नका, वेगळा फोन करून खात्री करा, असंही सांगितलं. सगळ्या माना डोलावत होत्या.
दमयंतीने हात वर केला. म्हणाली, माणूस नाहीच, तर फोन कुणाला करायचा?
बायका हसल्या. मी पाणी प्यायले.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.
दमयंती धावत आली. पदर कुठे, चप्पल कुठे. म्हणाली, वहिनी, भाऊ हॉस्पिटलमध्ये आहेत! मदत पाठवा म्हणून मेसेज आलाय, बोलता येत नाही म्हणतायत, आपण आधी पोचू या तरी!
मी तिला खाली बसवलं. म्हटलं, दमयंती, हे हॉस्पिटलमध्येच गेले. तू होतीस तिथे. माझा हात धरून उभी होतीस.
म्हणाली, विसरले हो क्षणभर. आणि रडायला लागली.
तेवढ्यात भागोजीराव आले. तिने पैसे पाठवायच्या आधी त्यांनीच तिच्या हातातून फोन घेतला होता. म्हणाले, मी त्याच्या तेराव्याला जेवलोय आणि ही त्याला डबा घेऊन निघाली. घाबरून त्यांनी ते सगळं बोलणंच पुसून टाकलं होतं. पुरावा गेला. मी व्याख्यानात सांगितलं होतं स्क्रीनशॉट घ्या म्हणून.
चहा करून दिला दोघांना.
क्षणभर विसरली म्हणे. मला इतक्या दिवसांत एकदाही जमलं नाही ते. तेसुद्धा हिलाच मिळालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
दमयंतीला घेऊन सायबर शाखेत गेले. अक्षयामॅडम म्हणून होत्या, निशिगंधाच्या वयाच्या. सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, मृत माणसाच्या नावाने हे पुष्कळ चालतं, कारण तक्रार करायला तो येत नाही. पतीचं खरं अकाउंट आहे का? आहे म्हटलं. सध्या ते कोण वापरतं?
दमयंती शेजारी बसली होती. कान माझ्याकडे.
कुणी नाही, म्हटलं.
नक्की? नक्की, म्हटलं. तीन वर्षं बंद आहे.
मग सोपं आहे, मॅडम म्हणाल्या, खरं बंद आहे, तर जे चालू दिसतंय ते खोटं. ओळखीच्या सगळ्यांनी त्याला रिपोर्ट करा. आणि खऱ्यातलं काही हवं असेल तर आजच उतरवून घ्या.
घरी येऊन उतरवणारच होते. वीज गेली. आली तेव्हा जेवायची वेळ झाली होती. लाईक तेवढा दिला.
उद्या नक्की.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
मंडळात सगळ्या जणी फोन घेऊन बसल्या. नाव शोधलं तर दोन अनिल मांडवकर निघाले. दोघेही भाट्याच्या पुलावर. खतिजाभाभीने विचारलं, भाभी, यातला खोटा कुठला?
मला एका बोटाने दाखवता आलं असतं. पण कशावरून, असं दमयंतीने विचारलं असतं. ती माझ्याकडेच बघत होती.
मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय ना, जो चालू आहे तो. बघा म्हणजे कळेलच.
आणि मला जरा चक्कर आल्यासारखं झालं म्हणून घरी आले. खोटा दिवसभर मेसेज पाठवत असतो. ते काय त्यांना कळणार नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी सहा.
यांच्या अकाउंटमध्ये जाता येत नाही. पासवर्ड बरोबर आहे. तो एकच तर मला पाठ आहे.
साडेसहा. अजून नाही. ‘अनेकांच्या तक्रारीवरून बंद’ असं काहीतरी येतंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
दमयंती पेढे घेऊन आली. म्हणाली, वहिनी, काम फत्ते! गुलाबाचे मेसेज तर आमच्या ह्यांनी पुसलेले, ते कुठल्याचे कळेना. एक अगदी गप्प होता, त्याच्यावर नुसता फोटो. दुसरा रोज संध्याकाळी तुमच्या फोटोला लाईक देत होता, परवापर्यंत. मेलेला माणूस लाईक देतो होय? सगळ्यांनी मिळून त्याला उडवला. मी तर भागोजीरावांच्या फोनवरून पण केलं.
पेढा घेतला. काय करणार?
निशिगंधाला खरं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तर म्हणाली, मलाही वाटायचं कधीकधी, तूच असशील. आई, मेसेज उतरवले होतेस ना?
कुकर लावायचा आहे म्हटलं.
ती म्हणाली, परत मागायची सोय असते, आपण अर्ज करू. केला. उत्तरात लिहून आलं की मालकाने स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन चेहरा डावीकडे, मग उजवीकडे वळवून दाखवावा.
मृत्यूचा दाखला पाठवून बघू म्हणते निशिगंधा. ती पाठवेल. माझ्या ॲपचा पासवर्डही शनिवारी येऊन तीच बघणार आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.
रिक्वेस्ट आली. अनिल मांडवकर.
काय करायचं ते मला पाठ आहे. घ्यायची नाही. स्क्रीनशॉट काढायचा, रिपोर्ट करायचं, अक्षयामॅडमना कळवायचं. उद्या सकाळी पहिलं काम तेच.
तोवर घेऊन ठेवली. नजर ठेवायला बरी.
साडेसहा. हिरवा ठिपका दिसतो आहे. मेसेज नाही.
सात. ठिपका आहे. नाही.
सव्वासात. मीच ‘शुभ संध्याकाळ’ पाठवलं. तपासाचा भाग म्हणून. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.
समोर दमयंतीचा फोन वाजला.