दुसरी मालकांगोणी

माय, तू गेलीस तेव्हा मी रडले नाही. सगळ्या भावकीनं ते बघितलं आणि वर्षभर बोलून दाखवलं. राग तर मला तेव्हाही होता, पण तो किती खरा आहे ते परवा औशाला रोपवाटिकेत कळलं.

लातुरात लेकाच्या घरामागं मी मालकांगोणी लावली आहे. धुण्याचं पाणी बादलीनं नेऊन घालते, वेल तारेवर चढवते, वाळक्या फांद्या छाटते. उन्हाळ्यात बारीक हिरवट फुलं येतात आणि गळून जातात. चार वर्षांत फळ म्हणून एक नाही. रोपवाटिकेतल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, हिच्यात नर येगळा, मादी येगळी. नर जवळ नसला तर फळ धरत न्हाई. पपईवाणीच हाय." मी तिथंच कट्ट्यावर बसले. त्याला वाटलं म्हातारीला ऊन लागलं. पाणी आणून दिलं बिचाऱ्यानं.

मुखेडच्या आपल्या घरी न्हाणीमागं दोन वेली होत्या. तूच हिमायतनगरकडून, तुझ्या माहेरच्या रानातून आणलेल्या. एक पिवळ्या घोसांनी लगडायची. फळ उकललं की आत लाल बी. बुद्धी वाढते म्हणून ते बी दुधातून दादाला मिळायचं, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. पाणी मी घालायची, बी मी निवडायची. मला मागायची सोय नव्हती. दुसऱ्या वेलीला फळ यायचं नाही. तू तिला वांझ म्हणायचीस. चूल फुंकता फुंकता तू मला सांगितलंस, "त्या वांझोटीला कशाला पाणी पाजतीस? तोड जा." मी चौथीत होते. विळ्यानं दोन दुपारी घासत बसले, तळहाताला फोड आले, तेव्हा कुठं ती पडली.

पुढच्या हिवाळ्यात उरलेली वेल रिकामी. बा अंगणात उभा आहे, जोडीची तोडली म्हणून ही रुसली असं म्हणतो आहे, आणि विचारतो आहे, कुणी तोडली. तू भाकरी थापते आहेस. हात थांबत नाही तुझा.

"पोरीनं तोडली. मला इचारलं बी न्हाई."

मी तुझ्याकडं बघत राहिले. तू तव्याकडं बघत राहिलीस. बा म्हणाला, इळा एवढा चालतो तर उद्यापासून रानात चल. झालं. पाटी कोनाड्यात गेली, ती पुन्हा खाली आली नाही. सकाळी मी खुरपायला गेले आणि दादा शाळेत. बी खाऊनही तो मॅट्रिकला दोनदा बसला, ते जाऊ दे. पोरगी हाताची वाईट आहे, हिरवं जाळते, हे गावभर झालं. सासरी पोचायच्या आधी माझं हे नाव तिथं पोचलं होतं. पहिली दोन वर्षं सासूनं मला तुळशीला पाणी घालू दिलं नाही.

तुला वेलीचं ठाऊक नव्हतं, मान्य. पण पपईच्या ओळीत एखादं नर झाड राखायचं, हे मला तूच शिकवलंस ना? मग एकदा तरी तुझ्या डोक्यात आलं नसेल? आणि आलं नसेल तर नसो. बाच्या हातचा मार मलाही ठाऊक होता. "मीच तिला सांगितलं", एवढे तीन शब्द बोलली असतीस तर दोन तडाखे बसले असते तुला. मला साठ वर्षं बसले. बा गेल्यावर तरी बोलायचं होतंस. कितीतरी वर्षं आपण दोघी ओसरीवर बसून शेंगा फोडत होतो, कुणी ऐकायला नव्हतं.

नर वेलीचं रोप आणून लावलं आहे. फुलायला किती वर्षं घेईल कुणाला ठाऊक.

हा कागद मी गादीखाली ठेवणार आहे. लिहायला पंधरा दिवस लागले. जोडाक्षरं जमेनात, ती नातीला विचारली. आजी काय लिहायलीस, असं तिनं विचारलं, तर किराण्याची यादी म्हणाले. तोंडातून लगेच निघालं, हात थांबला नाही.