तीन बोटं कोरी जागा

८ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी सहाला मास्तरांच्या ओसरीवर. थंडीनं बोटं आखडलेली. मास्तर म्हणाले, "थंडी कोर्टातही राह्यते. चालवा हात." रिटायर्ड कोर्ट-स्टेनो. उभा जन्म साक्षीदारांचं ऐकण्यात गेला, आता कुणाचंच ऐकत नाहीत.
जुन्या फौजदारी निकालाचा एकच उतारा लघुलिपीत सात वेळा. शंभरचा वेग, मिनिटाला शंभर शब्द. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून पेन्सिलीनं लिहिलेल्यावरच परत शाईनं.
नियम पुन्हा ऐकवला. शब्द सुटला तर तीन बोटं जागा कोरी सोडायची आणि पुढं जायचं, मागं बघायचं नाही. वाचून दाखवताना कोरी जागा आली की उभं राहायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, सगळ्यांदेखत, मग पुढं वाचायचं. करीम आज नऊदा उभा राहिला. करीम धाडचा, माझा गाववाला, खोलीतला जोडीदार, शिंप्याचा मुलगा. मोजताना ओठ हलतात त्याचे. सगळे हसले. सुरुवात मी केली.
मी एकदाही उभा राहत नाही. मला सुटत नाही असं नाही. सुटलेलं मी भरतो. अलीकडचं आणि पलीकडचं वाक्य पाहिलं की मधलं काय असणार ते कळतं. मास्तरांना हे कळलेलं नाही, किंवा कळूनही गप्प आहेत.

११ नोव्हेंबर, गुरुवार
कोर्टातले स्टेनो हिवतापानं पडलेत, परत येण्याची लक्षणं नाहीत. जागा एक. ओसरीवर आम्ही पाच. त्यातले तिघे नुसते थंडी खायला येतात. म्हणजे मी आणि करीम.
करीमनं विचारलं, "वसंता, परीक्षेत सुटलं त काय करू बे? भरू का जागा सोडू?"
म्हटलं, "जागा सोड. परीक्षकाला प्रामाणिक माणूस आवडतो."
"खरं सांगून राह्यला?"
"मी तुला खोटं सांगीन?"
निजला लगेच, निर्धास्त. मला जरा वाईट वाटलं. जराच.

१४ नोव्हेंबर, रविवार
सर्व्हिस मोटारीनं गावी, धाडला. थोरल्या काकूंचे यजमान गेले, भेटायला जाणं भाग. मास्तर म्हणतात, माणसं भरभर बोलतात तिथं जाऊन बसा. भांडण, बाजार, मयत. तर बसलो. काकू रडत बोलत होत्या, शेवटच्या दिवशी काय खाल्लं, काय मागितलं, कुणाचं नाव घेतलं. मी बोटानं मांडीवर उतरवत होतो. चांगला वेग आहे त्यांचा. हुंदक्याला श्वास घ्यायला मिळतो तेवढाच.
आईनं पाहिलं. "काय करून राह्यला रे मांडीवर?"
मुंग्या आल्यात म्हटलं.
काका कशानं गेले ते परतताना मोटारीत आठवेना. प्रत्येक शब्द उतरवला आणि एकही ऐकला नाही. मास्तरांना सांगितलं तर खूष झाले. "हातानं ऐकाले शिकला तू."

२२ नोव्हेंबर, सोमवार
परीक्षा. दहा मिनिटं मजकूर, मग साफ प्रत. सहा की सात ठिकाणी सुटलं, सगळं भरलं. वाचताना शंका येणार नाही असं बसवलं. करीम शेजारीच. त्याच्या साफ प्रतीत सुटलेल्या जागी टिंबंच टिंबं. बाहेर आल्यावर म्हणतो, "अकरा सुटले, पण एकही खोटा नाही लिवला." शाबास म्हटलं.

२५ नोव्हेंबर, गुरुवार
झालं. मी घेतला गेलो, तीन महिने हंगामी. करीम नापास. शेरा असा की कोर्टाला शब्द गाळलेल्या जबान्या चालत नाहीत.
करीम मास्तरांच्या ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. मास्तर त्याला म्हणाले, "तुह्या बापाले सांग, सुईत दोरा ओवून ठेव म्हणा, पोरगं येऊन राह्यलं." असं लागेल ते बोलतात मास्तर. तो उठून गेला नाही. मला म्हणाला, "वसंता, आता तूच सांग, कसं करू?"
मी पास झाल्याच्या तोऱ्यात भरपूर सांगितलं. चार पेन्सिली, दोन्ही टोकं कोरलेल्या, मऊ शिशाच्या. पान डाव्या अंगठ्यानं उलटायचं. आठवड्याची शिळी टिपणं काढून वाचायची, वाचता आली नाहीत तर ती लिहिलीच नाहीत असं समजायचं. आणि कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसायचं, रोज, दिवसभर. "तिथं लोक रडत बोलतात. तेवढं धरता आलं की सगळं धरता येतं."
खरं तर मला तो मागच्या बाकावर हवा होता. मी पुढं खुर्चीवर आहे हे बघायला कुणीतरी ओळखीचं पाहिजे.

६ डिसेंबर, सोमवार
पहिला दिवस. जज्जसाहेबांच्या डावीकडे छोटं टेबल. चार पेन्सिली मांडल्या तर कारकून हसले, "दुकान लावता का राव?" दुपारनंतर एकच ठेवली.

१५ डिसेंबर, बुधवार
करीम रोज येतो. दहाला येतो, कोर्ट उठेपर्यंत बसतो. त्याच्या चार पेन्सिली शर्टाच्या खिशात. पट्टेवाल्यानं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा नाद सोडला. जेवणाच्या सुट्टीत मला वही दाखवतो. कोऱ्या जागा कमी झाल्यात. काल एकच होती. मी म्हटलं, वळणं गचाळ आहेत. गचाळ नव्हती.

१७ डिसेंबर, शुक्रवार
मोताळ्याकडची केस. विहिरीच्या पाळीवरून भांडण, शेजाऱ्याच्या डोक्यात काठी, शेजारी मेला. आरोपी सुखदेव. आज त्याच्या आईची जबानी. जनाबाई. पोलिसांनीच तिला साक्षीला आणलंय. आरोपीचे वकील उलटतपासणीचे कागद चाळत होते, साहेब दुसऱ्या खटल्याच्या मिसलीवर सह्या करत होते, बाई माझ्याकडे बघून बोलत होती, जणू मीच साहेब.
"तो सांजेले इहिरीवर गेला," इथं पेन्सिलीचं टोक तुटलं. दुसरं टोक कोरलेलं नव्हतं. ब्लेड खिशात. कोरेपर्यंत बाई पुढं गेली. परत लिहायला लागलो तेव्हा, "मंग बोंब आयकू आली."
तीन बोटं कोरी सोडली. थांबवून विचारता आलं असतं. दहाव्या दिवशी साहेबांना 'काय म्हणाली?' कोण विचारणार? साफ प्रत करताना भरलं: 'तो सायंकाळी विहिरीवर गेला. तो परत आला नव्हता, तोच आरडाओरड ऐकू आली.' छान जुळलं. विहिरीवर गेलेला माणूस बोंब होईपर्यंत परत आला असता तर केसच कशाला झाली असती?
संध्याकाळी जबानी वाचून दाखवायची. कोर्ट उठायची घाई, मी भराभर वाचली. बाईचा प्रत्येक वाक्याला होकार, "हाव". त्या वाक्यालाही "हाव". डोळे जमिनीवर. शेवटी मी लिहिलं, वाचून दाखवले, बरोबर असल्याचे कबूल. बाईनं अंगठा केला.

५ जानेवारी, बुधवार
निकाल. सुखदेवला सात वर्षं सक्तमजुरी. वकील उठून म्हणाले, मुलगा बोंबेच्या आधी घरी आला होता असं आईनं सांगितलेलं मला आठवतं. साहेबांनी माझी प्रत उघडली. कागदावर तसं नाही, म्हणाले. तिला वाचून दाखवलंय, तिनं कबूल केलंय. आणि निकालात वाक्य घातलं, की खुद्द आरोपीच्या आईनंच तो परत आला नव्हता असं सांगितलं, तिला खोटं बोलायचं कारण नाही. मी ते वाक्य उतरवून घेतलं. शंभरच्या वेगानं, एकही न चुकता.
घरी आल्यावर आधी दाराला कडी घातली. भीतीच ती.

६ जानेवारी, गुरुवार
जनाबाई व्हरांड्यात बसून होती. मला पाहून उठली.
"साहेब, तुम्ही लिवून घेतलं ना म्या सांगतलं ते? तो आला व्हता. भाकर खाल्ली माह्या हातची. ते लिवलं ना?"
मी म्हटलं, "सगळं लिहिलंय बाई."
"मंग साहेबाले काऊन नाही दिसलं?"
आत निघून आलो. आधी लाज वाटली. मग राग आला, बाईचाच. वाचून दाखवताना तोंडात मूग धरले होते का? "हाव" कशाला म्हणाली?

७ जानेवारी, शुक्रवार
करीम: "वसंता, त्या माउलीच्या जबानीत भाकरीची गोष्ट व्हती. तुह्या कागदात काऊन नाही?"
"तुझं चुकलं असेल. अकरा गाळणारा माणूस तू."
त्यानं आपली वही उलटून पाहिली. मग म्हणाला, "असन बावा. माह्याच हाताचं काय खरं हाय." आणि परत सरावाला बसला. माझ्या एवढ्या एका वाक्यावर त्यानं दीड महिन्याच्या मेहनतीवरचा विश्वास सोडून दिला. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

८ जानेवारी, शनिवार
मास्तरांकडे शिळी टिपणं वाचायचा तास. मीही जातो अजून, जुन्या सवयीनं. मास्तरांनी करीमची वही मागितली आणि मधलंच पान उघडून दिलं. नेमकं ते. करीम वाचायला लागला, अडखळत, माझ्याकडे बघत. "तो सांजेले इहिरीवर गेला. मंग आला, भाकर खाल्ली, ओट्यावर निजला. मंग बोंब आयकू आली."
मास्तर वहीवर वाकले. ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाले, "वळणं साफ हायेत. ह्यात चूक नाही." मग माझ्याकडे वळले, "तुह्या वहीत काय हाय रे?"
"हेच असेल."
"असेल म्हणजे? पाह्यलं नाही?"
करीमचा चेहरा उजळला होता, गाढवाचा. त्याला फक्त एवढंच कळलं होतं की त्याचा हात बरोबर आहे. बाकीचं घरी येताना वाटेत कळलं असावं, कारण अर्ध्या रस्त्यात तो बोलायचा थांबला.

१० जानेवारी, सोमवार
करीम वकिलाकडे जाऊन आला. मला सांगून गेला होता, चोरून नाही. वकिलानं अर्ज दिला: नागपूरला अपील करायचंय, त्याआधी स्टेनोची मूळ टिपणं वाचून घ्यावीत. साहेबांनी गुरुवार दिला. मी माझी वही उघडून सर्वांसमोर वाचायची. नोकरीत कायम करायला माझं नाव वर गेलंय, ते साहेबांच्याच सहीनं.
करीमच्या वहीबद्दल साहेब म्हणाले, बाकावर बसणाऱ्या माणसाची वही म्हणजे काय पुरावा? आधी स्टेनोची बघू. सगळं माझ्या वहीवर आलं.

११ जानेवारी, मंगळवार
मास्तरांकडे गेलो. काय करू ते विचारलं नाही, नुसता बसलो. सुपारी कातरत म्हणाले, "तीस वर्षांत मी किती जागा भरल्या, तुले काय माहीत." मग हसले. "अन् करीमले उभं करत व्हतो. काऊन? तो भरत नव्हता म्हणून राग यायचा मले."
उठताना पाया पडलो नाही. त्यांनी वाटही पाहिली नाही.

१२ जानेवारी, बुधवार
दुपारी चार. खोलीत एकटा.
वही मिसलीसोबत असायला हवी. मिसली सांभाळणाऱ्या शिरस्तेदारांना उद्यासाठी वाचून बघतो म्हटलं, त्यांनी दिली. करीमचीही मागून घेतली, सकाळीच. म्हटलं, ताडून बघू. तो द्यायला तयार झाला. "पाह्य तू. तुले जास्त समजते." वही देताना हात थांबला त्याचा, पण दिली.
दोन्ही समोर आहेत. माझ्यात तीन बोटं कोरी जागा. त्याच्यात एक ओळ, अगदी नीट, पोथीत छापावी तशी. पेन्सिल तीच आहे माझ्याकडे, टोक करून ठेवलंय. मी प्रतीत लिहिलं ते वहीत घातलं तर नोकरी माझी पक्की, आणि करीम बाकावरचा वेडा. त्याची वही चुलीत गेली तर तेवढंही उरणार नाही. त्याची ओळ माझ्यात घातली तर प्रत खोटी ठरेल आणि नोकरी जाईल, पण निदान लोकांना वाटेल की मी ऐकलं होतं. कोरी ठेवली तर उद्या कोर्टात उभं राहावं लागेल. साहेब, वकील, कारकून, जनाबाई, सगळ्यांदेखत.
करीम मघाशी दारातून म्हणाला, "उद्या मी मागच्याच बाकावर बसतो. तू वाच." आणि जाता जाता, "मले दहापर्यंत मोजाचं काही वाटत नव्हतं वसंता. तुम्ही हासत होते त्याचं वाटे."
तो गेल्यावर दार लावलं. वही हातात धरून उभा राहिलो. करून बघितलं, मनात, ओठ न हलवता.
सातपर्यंत मोजलं आणि खाली बसलो.