छत्तीस चौरस मैल, चार माणसं

सोमवार, ८ जानेवारी

काउंटीच्या कचेरीतून पत्र आलं. दोन पानं आणि खाली भली मोठी सही. म्हणे, ट्रोनेस टाउनशिप बरखास्त का करू नये ते कळवा.

वर आमचीच माहिती छापून आम्हाला पाठवली आहे! क्षेत्रफळ छत्तीस चौरस मैल. पैकी पाणी ०.७ चौरस मैल. लोकसंख्या, मागच्या जनगणनेप्रमाणे, सहा. दर चौरस मैलाला ०.१७ माणूस. मी टेबलाशी बसून विचार केला, ०.१७ माणूस म्हणजे किती? माझा डावा पाय, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. आणि पाणी ०.७ कुणी मोजलं? ऑगस्टात मोजलं असणार. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर या म्हणावं, होडी घेऊन.

मुद्दा असा आहे. तीन पंच, एक खजिनदार, एक क्लार्क अशी पाच पदं. पाचही इथल्याच रहिवाशांनी भरायची. रहिवासी म्हणजे सभेआधी सलग तीस रात्री टाउनशिपच्या हद्दीत झोपलेला माणूस. १९ मार्चच्या वार्षिक सभेत पदं भरली नाहीत तर ट्रोनेस खलास. रस्ते काउंटीकडे. आणि काउंटी हिवाळ्यात उत्तरेच्या रस्त्यावरचा बर्फ काढणार नाही, हे तिसऱ्या परिच्छेदात गोड शब्दांत लिहिलं आहे. उत्तरेच्या रस्त्यावर घर एकच, पूर्वेच्या कोपऱ्याशी — माझं.

एकेचाळीस वर्षं क्लार्क आहे मी. कळवते.

मंगळवार, ९ जानेवारी

जनगणनेत सहा होतो. मी, वर्लिन आणि मिर्ना बाक्के, ड्युएन, ऑरव्हिल आणि त्याची इंगा. इंगा गेली. नाताळच्या आधी ऑरव्हिलच्या मुलाने त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि पत्ताही बदलला. त्याच्या घराची किल्ली माझ्या भिंतीवर आहे. नळ गोठू नयेत म्हणून एक दिवसाआड जाऊन भट्टी बघून येते.

म्हणजे राहिलो चार. पदं पाच. वर्लिन पंचांचा अध्यक्ष, ड्युएन दुसरा पंच, मिर्ना खजिनदार, मी क्लार्क. तिसरा पंच हवा.

वर्लिनला फोन केला. म्हणाला, "जाऊ दे ना आर्लिस. आता ऐंशीचे झालो आपण."

"तू झालास. मी चौऱ्याहत्तरची आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवार, १४ जानेवारी

उणे एकतीस. गाडी सुरू झाली नाही. चर्चही रद्द.

फार्गोहून जनेलचा फोन. तिला पत्राचं कसं कळलं देव जाणे, मिर्नानेच सांगितलं असेल. "आई, तिथे आहे तरी काय? नकाशावरचा एक चौकोन आहे नुसता. इथे तुझी खोली तयार आहे. पडदे लावलेत." पडदे निळे आहेत असंही सांगितलं.

पोरगी माझ्या काळजीनेच बोलते, कळतं मला. पण त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची खिडकी दिसते. मी पाहून आले आहे. त्या बाईने मला बघून हात हलवला, तेव्हाच मी ठरवलं की इथे मरायचं नाही.

तिला म्हटलं, या चौकोनात तू चालायला शिकलीस.  मग मलाच वाईट वाटलं.

शनिवार, २० जानेवारी

पाचवा माणूस शोधणे चालू.

ड्युएनच्या भाच्याला विचारलं. हसला. मिर्नाच्या बहिणीला विचारलं, ती म्हणाली, "तिथे? हिवाळ्यात?" जणू मी तिला चंद्रावर बोलावत होते. काउंटीच्या कचेरीत त्या पत्रावर सही करणाऱ्या तरुण साहेबाला फोन केला. फार सभ्यपणे म्हणाला, "क्वालेबाई, भावना समजतात. पण आकडे तर बघा."

आकडेच बघतेय, म्हटलं. ०.१७ च्या जागी ०.१४ झालं तर तुमची छाती का धडधडते?

तो म्हणाला, ०.११.

बरोबर होतं त्याचं. फार राग आला.

मंगळवार, २३ जानेवारी

काहीच नाही. वारा.

शनिवार, २७ जानेवारी

सापडलं! जुनी इतिवृत्तं काढून बसले होते. काउंटीच्या तोंडावर काय काय मारता येईल ते शोधत होते. १९११ च्या वहीत, पूर्वेचा रस्ता बांधला त्या वर्षीची नोंद: "रस्ता सरळ नेला आहे. हद्दीची रेघ तिरकी आहे. दक्षिणेच्या टोकाला रस्ता रेघेच्या आत, ट्रोनेसच्या जमिनीत आला आहे." अक्षर पणजोबाच्या काळातलं, पण स्वच्छ.

इथे सगळे रस्त्यालाच हद्द धरतात. रस्त्याच्या अलीकडे ट्रोनेस, पलीकडे होल्म टाउनशिप. शंभर वर्षं कुणाला वेगळं सुचलं नाही, मलाही नाही. आणि दक्षिणेच्या टोकाला रस्त्याच्या अगदी पलीकडे, झाडांच्या रांगेआड, एक माणूस राहतो. रस्ता आत आला असेल तर तो माणूस होल्मचा नाहीच. तो आमचा आहे!

आनंदाने उठले आणि मग आठवलं की तो माणूस कर्टिस फ्रॉयलंड आहे. पुन्हा खाली बसले.

गुरुवार, १ फेब्रुवारी

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

एकोणीस वर्षांपूर्वीची वार्षिक सभा. कर्टिस तेव्हा नवा होता, मधमाश्या पाळायचा, अजूनही पाळतो. तो सभेला आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, रस्त्याकडेच्या गवतावर औषध फवारू नका, माझ्या माश्या मरतात. त्या दिवशी सभा मीच चालवत होते, मी हातोडी आपटली. "बाहेरच्या माणसाला या सभेत बोलता येत नाही." नियम आहे तो. तो बसला नाही, भांडलाही नाही. बाहेर जाऊन आपल्या पिकअपमध्ये सभा संपेपर्यंत बसून राहिला. आम्ही फवारणी मंजूर केली. जूनमध्ये त्याच्या चाळीस पेट्या मेल्या.

तेव्हापासून तो रस्त्यात समोरून आला की माझं बोट उठत नाही. इथे अनोळखी ट्रकवाल्यालासुद्धा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात. आम्ही दोघं एकोणीस वर्षं एकमेकांना बोट न दाखवता गाड्या चालवतोय. मिर्ना म्हणते, त्याला मेहनत लागते.

मी चुकले असं मला वाटत नाही. नियम म्हणजे नियम. पण चाळीस पेट्या, हेही खरं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

गेले! बटाट्याचे लेफ्से पोळीसारखे पातळ लाटून भाजले, फडक्यात गुंडाळले आणि गेले.

दार उघडून कर्टिस माझ्याकडे, मग फडक्याकडे बघत राहिला. म्हणाला, "या क्वालेबाई. माझ्या घरात मला बोलायची परवानगी आहे ना?"

घ्या. एकोणीस वर्षं घासून ठेवलेलं वाक्य होतं ते.

मी वही उघडून टेबलावर ठेवली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. त्याच्या माश्या हिवाळ्यात ट्रकने कॅलिफोर्नियाला जातात, बदामाच्या बागांत. हा मात्र उणे तीसमध्ये इथेच असतो, एकटा. घर नीटनेटकं आहे. कॉफी पातळ होती, म्हणजे बरोबर होती.

"म्हणजे मी त्या दिवशी आतला होतो," तो म्हणाला.

"तसं दिसतंय."

"आणि तुम्ही मला बाहेर काढलंत."

"तेव्हा कुणाला माहीत नव्हतं." हे मी जरा जोरातच म्हटलं असावं. त्याने एक लेफ्सा घेतला, लोणी साखर लावून सावकाश खाल्ला. मला घामच फुटला, कोट घातलेला होता म्हणूनही.

शेवटी म्हणाला, "पंच होईन. पण आधी सरकारी मोजणी करा. पूर्ण रेघेची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धवट नको. पुन्हा कुणी कुणाला बाहेरचं म्हणायला नको. आणि पंच झालो की पहिला विषय फवारणीचा मांडणार."

"मांडा. आणि पूर्ण मोजा, खुशाल. मला कशाची भीती?"

दारात त्याने माझं रिकामं फडकं घडी घालून परत दिलं.

रविवार, ४ फेब्रुवारी

चर्चनंतर बाक्क्यांकडे जेवण. वर्लिनला सगळं सांगितलं. तो इतका खूश झाला की म्हणाला, बरखास्तीला आपला पहिल्यापासून विरोधच होता. 

मिर्ना वहीतली नोंद वाचत होती. म्हणाली, "दक्षिणेला रस्ता आत येतो. मग उत्तरेला कुठे जातो?"

"उत्तरेला काय, उत्तरेला मी आहे," म्हटलं, आणि हॉटडिशचं भांडं पुढे सरकवायला सांगितलं.

शनिवार, १० फेब्रुवारी

काउंटीच्या साहेबाला कळवलं की पाचवा माणूस मिळाला आहे आणि मोजणी होणार आहे.  तो म्हणाला, "एक माणूस वाढला तरी तुम्ही पाचच."

साहेब, पाच माणसं पाच पदं सांभाळतात, म्हणजे आमच्यात एकही रिकामटेकडा नाही. तुमच्या कचेरीत असं आहे का ते कळवा.

हे शेवटचं वाक्य पत्रातही घातलं. मिर्ना म्हणाली काढ. काढलं नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मोजणीवाला आला. तिशीतला, लाल दाढी, तिपाईवर यंत्र. दक्षिणेच्या कोपऱ्यावर जमीन लोखंडासारखी गोठलेली. कर्टिस आणि ड्युएन पहार घेऊन दोन तास खणत होते. ड्युएन एक शब्द बोलला नाही, नेहमीसारखा. मग पहार टणकन वाजली. मूळ मोजणीचा दगड, वर फुली कोरलेली. १८८० च्या सुमारास कुणीतरी बैलगाडीतून आणून पुरलेला. आम्ही सगळे टोप्या काढून उभे राहिलो, उगाचच. कान गोठले.

कर्टिसचं घर रेघेच्या आत. अठ्ठ्याऐंशी फूट आत!

त्याने हातमोजा काढून माझ्यापुढे हात केला. मी धरला. 

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पोस्टात जाताना कर्टिस समोरून आला. त्याने बोट उचललं. मीही. गाडी जवळजवळ चरात घातली होती.

जनेलला फोन करून सांगितलं, पडदे काढून ठेव, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील. ती म्हणाली, "आई, तू ना!" पण हसत होती. खूप दिवसांनी हसली.

मोजणीवाला रेघ धरून उत्तरेकडे सरकतोय. दुपारी ड्युएनच्या फाटकाशी होता. तिथे रेघ रस्ता ओलांडते म्हणाला. ओलांडू दे.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

मोजणीवाला सकाळपासून माझ्या अंगणात. कॉफी ठेवली होती, आत आला नाही. यंत्रातून तीनदा पाहिलं. मग यंत्र हलवलं आणि चौथ्यांदा पाहिलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

रेघ माझं घर आणि कोंबड्यांचं खुराडं यांच्या मधून जाते. कोंबड्या ट्रोनेसच्या आहेत. मी होल्मची. एकेचाळीस वर्षं.

मोजणीवाला खाली बघून म्हणाला, "मॅडम, काउंटीला दक्षिणेच्या बाजूपुरताच नकाशा दिला तरी चालेल." म्हटलं, पूर्ण द्या.

सभेपर्यंत, आजची धरून, एकतीस रात्री आहेत. ऑरव्हिलची किल्ली खिळ्यावरून काढली; त्याचं घर रेघेच्या पार आत आहे. त्याला वृद्धाश्रमात फोन करून विचारलं, तो म्हणाला, "राहा की, भट्टी तर तूच बघतेस." मग पलंग न्यायला गाडी हवी म्हणून कर्टिसला फोन केला. आधी सगळं सांगितलं, नकाशाचं. मग म्हटलं, त्या दिवशी सभेत बाहेरचं माणूस एकच होतं, आणि त्याच्या हातात हातोडी होती. माझं चुकलं, कर्टिस.

 तो म्हणाला, "तीन वाजता पिकअप घेऊन येतो. तोवर गप्प बसा, तुम्ही बाहेरच्या आहात."