जखमेला हात लावू नये

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा सप्तांग नमस्कार. आठवं अंग डावा हात. तो खांद्याच्या वर न्यायला महिनाभर मनाई आहे, तेव्हा उरलेल्या सातांवर भागवून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना अजून कमी ऐकू येतं का? (मला कळलंय त्याप्रमाणे त्यांना तू सोडून सगळ्यांचं ऐकू येतं.) इकडे आम्ही मजेत आहोत. मजेत म्हणजे माझ्या गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, काडेपेटीपेक्षा लहान असं ते यंत्र बसलंय आणि हृदय आळस करू लागलं की ते त्याला ढोसतं. जे काम आधी तू आणि मग हिनं केलं, ते आता एक डबी करते. ऑपरेशनची बातमी तुला फोनवर कळलीच आहे. पुढचं पत्रातून लिहितोय, कारण आमच्या घरात फोन कुठंही ठेवला तरी हिच्या कानाच्या टप्प्यातच असतो.

घरी सोडताना रुग्णालयानं एक कागद दिला. तुझ्या वॉर्डात तीस वर्षं काय पद्धत होती? तू यायचीस, चष्मा कपाळावर चढवायचीस, टाक्यांशेजारी एक बोट टेकवायचीस आणि ‘बरं आहे’ किंवा ‘डॉक्टरांना बोलवा’ यांपैकी एक काहीतरी म्हणायचीस. आता बोट गेलं. आता रोज सकाळी जखमेचा फोटो काढून त्यांच्या ॲपवर चढवायचा, असे दहा दिवस. तिकडे कुणीतरी (डॉक्टर, डॉक्टरांच्या हाताखालचं कुणी की नुसतंच मशीन, हे ते शेवटपर्यंत कळू देत नाहीत) तो बघतं आणि शेरा मारतं. कागदावर सूचना होत्या. उजेड भरपूर असावा, सावली नसावी, शेजारी मोजपट्टी धरावी, जखमेला हात लावू नये. ही शेवटची सूचना ठळक अक्षरात होती. ती लक्षात ठेव, पुढे माझ्या बाजूनं उपयोगी पडेल.

आता मला सांग, ज्यानं चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला त्याला हे लोक फोटो काढायला शिकवणार! पहिल्या दिवशी मी बंद स्टुडिओचं दार उघडलं, मागचा पडदा झटकला, दोन दिवे लावले, कॅमेरा तिपाईवर चढवला आणि बाजूनं हलका प्रकाश सोडून असा फोटो काढला की टाका न् टाका उठून दिसावा. तीन मिनिटांत उत्तर आलं की फोटो समाधानकारक नाही, घरातील जाणत्या व्यक्तीची मदत घ्या. ही तेव्हापासून जाता-येता स्वतःला जाणती व्यक्ती म्हणवून घेते. दुसऱ्या दिवशी जाणत्या व्यक्तीनं फोनवर फोटो काढला. मोजपट्टी उलटी, कोपऱ्यात हिचा अंगठा. त्याला पाच तारे आणि ‘उत्तम छायाचित्र’. माझा रक्तदाब त्या दिवशी किती होता हे विचारायला मात्र ॲपमध्ये जागा नाही.

तिसऱ्या दिवशी मी कॅमेरा परत ताब्यात घेतला. जखमेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर नखाएवढी लाली दिसत होती. शेरा आला: ‘लालसरपणा आढळला. उद्याही दिसल्यास भरती व्हावे लागेल.’ ताई, वॉर्डात माझ्या समोरच्या खाटेवर एक ट्रकड्रायव्हर होता. त्याची जखम चिघळली, तेव्हा बसवलेलं यंत्र काढलं, आठवडाभर वायरा लावून तसाच झोपवून ठेवला आणि मग उजव्या बाजूला नवं बसवलं. त्याचा तो आठवडा मी पाहिलाय. मी घाबरलो. तुझ्यापासून काय लपवायचं, चांगलाच घाबरलो.

घाबरलेला माणूस आपल्याला जे येतं तेच करतो आणि मला एकच येतं. आमच्या धंद्यात त्याला ‘हात फिरवणं’ म्हणतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधीच सांगायचं, जरा हात फिरवून द्या हं. पुरळ, वांग, डोळ्यांखालची वर्तुळं मी पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीनं आणि पुढे कॉम्प्युटरवर अशी साफ करायचो की माणसाला आपण इतके बरे दिसतो हे पहिल्यांदाच कळायचं. (आमच्या लग्नाच्या फोटोतला हिच्या हनुवटीवरचा व्रण मी दोन दिवस खपून काढला होता. त्याबद्दल ही आजवर एक शब्द बोललेली नाही, म्हणजे किती आवडला असेल बघ.) तर चौथ्या दिवशी मी त्या लालीवरून जरा हात फिरवला. जखमेला हात लावू नये असं कागदावर होतं. जखमेच्या फोटोला लावू नये असं कुठंही नव्हतं. मी दोनदा वाचून खात्री करून घेतली.

शेरा आला, ‘सुधारणा समाधानकारक’. काय सांगू तुला, वाचून मलाच बरं वाटलं. दुखायचंसुद्धा थांबलं, दुपारपर्यंत. पाचव्या दिवशी लाली वाढली, मग मीही हात जास्त फिरवला. सहाव्या दिवशी जरा रंगातच आलो असेन, कारण उत्तर आलं, ‘फोटोत जखम आढळली नाही. कृपया जखमेचा फोटो पाठवा.’ आली का पंचाईत! खरा पाठवावा तर भरती, साफ केलेला पाठवावा तर जखमच नाही. शेवटी बसलो आणि त्या गुळगुळीत कातडीवर नवी जखम काढली. सरळ रेघ, सारख्या अंतरावर सात टाके, कडेला किंचित गुलाबी छटा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुबक काम. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचा निरोप आला की आपल्या जखमेची ‘आदर्श जखम’ म्हणून निवड झाली आहे, आणि ‘अशी दिसावी आपली जखम’ या मथळ्याखाली ती ॲपवर सगळ्या पेशंटांना दिसू लागली. चाळीस वर्षांत माझा एकही फोटो कुठं निवडला गेला नव्हता. निवडला गेला तो हा.

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं, पण काल सकाळी बेकरीवाल्याचा फोन आला. तो शेजारच्या खाटेवर होता, त्याचंही यंत्र माझ्याच दिवशी बसलं. सहा फुटी माणूस, सारं आयुष्य भट्टीपुढे गेलेलं, आणि फोनवर रडकुंडीला आलेला. त्याची जखम म्हणे आदर्श जखमेसारखी नाही. टाके वेडेवाकडे आहेत, कातडी ओढल्यासारखी दिसते, म्हणजे आपलं काही खरं नाही असं तो धरून चाललाय. (त्याला रोज ‘सुधारणा उत्तम’ असाच शेरा येतो. त्याची जखम जखमेसारखी दिसते एवढाच तिचा दोष.) मुलीला परगावाहून बोलावून घेतलंय. त्याला कसं सांगू, बाबा रे, ती जखम कुणाचीच नाही, ती मी काढलेली आहे? काळजी करू नका म्हटलं आणि फोन ठेवला. मला माझीच लाज वाटली.

असो. बाकी सगळं ठीक. गुडघ्यांना जप, भाऊजींना नमस्कार सांग (मोठ्यानं).

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत पुठ्ठ्यात घालून एक फोटो पाठवतोय. कालच हिच्याकडून काढून घेतला. जरा हललाय, कोपऱ्यात अंगठा आहे. त्याच्यावर हात फिरवलेला नाही. ताईला आठवण म्हणून पाठवतोय, असं हिला सांगितलंय.

ता. क. फोटो बघून तुझ्या त्या दोन वाक्यांपैकी जे असेल ते सांग. दुसरं असलं तर फोन दुपारी कर, तेव्हा ही बाहेर जाते. कालपासून अंगात कणकण आहे आणि कोपऱ्यातून जरा पाणी येतंय. तसं विशेष काही नाही. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

ता. क. वन्सं, नमस्कार. हे मी लिहितेय. पत्ता घालायला म्हणून यांनी पाकीट माझ्याकडे दिलं, पण चिकटवायला विसरले. जखमेची आठवण कोण कुणाला पाठवतं? फोटो काढतानाच मला लाली दिसली होती, तर म्हणाले उजेडाचा दोष आहे. मी पत्र वाचलं, गाडी बोलावली आणि यांना तडक घेऊन गेले. डॉक्टरांनी बोट टेकवलं. (अजून येतं त्यांना.) पू वरवरचा आहे, यंत्रापर्यंत पोचलेला नाही; आणखी दोन दिवस गेले असते तर पोचला असता म्हणाले. सध्या भरती आहेत, ताप उतरलाय. आदर्श जखम ॲपवरून उतरवली. बेकरीवाल्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी आधी यांचा यथेच्छ उद्धार केला आणि मग यांच्यासाठी केक दिला.

तो लग्नाचा फोटो मला कधीच आवडला नाही. त्यात यांच्या शेजारी दुसरीच कुणी बाई उभी आहे. इतकी वर्षं बोलले नव्हते, काल वॉर्डात बोलले. यांनी घरून कॅमेरा आणायला लावला आणि खाटेवर बसूनच माझा फोटो काढला. म्हणून पाकिटात दोन फोटो आहेत. दुसऱ्यात हनुवटी बघा.