हमीद मास्तरांचं रक्त आणि माझी पावडर

८ एप्रिल १९४६, सोमवार. नांदेड
आज दवाखान्यात लातूरचे हमीद मास्तर आले. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगभर खाजवल्याचे ओरखडे. मी ओळखलंच नाही. त्यांनीच हाक मारली, "सुमन बेटी, पाढे येतात का अजून?" सोबत झुबेदा. त्यांची मुलगी, माझी लहानपणची मैत्रीण. तिच्या लग्नानंतर भेट नाही. व्हरांड्यातच दोघी रडलो. मग म्हणाली, "लई वाळलीस गं." ती तरी कुठं धड राहिलीय.
मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. पित्ताच्या नळीत खडा. चिरल्याशिवाय इलाज नाही. पण अशा काविळीत रक्त गोठत नाही, माणूस टेबलावरच वाहून जातो. म्हणून आधी रक्ताची तपासणी, ती माझ्याकडे.

९ एप्रिल
मास्तरांचं रक्त फार उशिरा गोठलं. 'के' व्हिटॅमिनच्या सुया सुरू केल्या. गुण आला तर रक्त लवकर गोठू लागेल. नाही आला तर लिव्हरच गेलं म्हणायचं, मग चिरायचं नाही.
म्हणजे सगळी मदार माझ्या पावडरीवर. सशाचा मेंदू अ‍ॅसिटोनमध्ये खलून, वाळवून इथंच करते. काढलेल्या रक्तात ती पडली की गोठणं सुरू, किती वेळ लागला ते घड्याळावर मोजायचं.

१२ एप्रिल, शुक्रवार
वाईट. सुया झाल्या तरी रक्त तसंच. उलट थोडं जास्तच उशिरा. मोठे डॉ. म्हणाले, "लिव्हर संपलंय. घरी न्या म्हणून सांगा." झु.ला सांगायचं माझ्यावर आलं. गेले तर ती बापाला ज्वारीच्या कण्या भरवत होती. मास्तर म्हणाले, "मीठ कमी हाय." नाही सांगितलं.
लातूरला यांच्याच ओसरीवर शिकले. मुलींना सायन्स कोण शिकवणार? मास्तरांनी झु.च्या शेजारी मलाही बसवलं. उर्दूत हिशेब, मराठीत भांडणं. एकदा कसायाकडून बकऱ्याचं काळीज आणून कप्पे उघडून दाखवले. घरी आले तर आईनं अंगणातच डोक्यावर पाणी ओतलं. बाबा मात्र आत बोलावून हळूच म्हणाले, "किती कप्पे?"

१३ एप्रिल
पटत नव्हतं म्हणून स्वतःचं रक्त लावून बघितलं. माझंही उशिरा! मला तर काही झालेलं नाही. की झालंय? एकटीच्या रक्तावरून काय ठरवायचं. झु. दारात उभी राहून बघत होती.
"काय करून राहिलीस?"
सांगितलं. बाही वर केली, स्टूल ओढलं. "माझं घे की मग."
तिचंही उशिरा. अगदी माझ्याएवढंच. म्हणजे रक्त नाही, पावडर मेलीय. एकच बाटली, रोज बूच उघडायचं, वर ही भट्टीसारखी खोली. परवाच्या पावडरीनं आजचं रक्त मोजत होते, आणि पावडर रोज वेगळी.
मोठ्या डॉ.ना सांगितलं. "ओळखीचा पेशंट म्हणून पावडरीला दोष देताय, डॉक्टरीणबाई." लागलं. ओळखीचा नसता तर स्वतःला सुई टोचून बघितली असती का, कोण जाणे.

१५ एप्रिल
नवी पावडर. या वेळी एकेका सशाची वेगळी नाही, सगळ्यांची एकत्र खलली, म्हणजे शेवटपर्यंत एकच राहील. पूर्ण वाळेपर्यंत घाई केली नाही. मग काचेच्या बारीक नळ्यांत भरून तोंडं ज्योतीवर वितळवून बंद केली आणि बर्फाच्या पेटीत ठेवली. एका दिवसाला एकच नळी फोडायची, उरलेलं फेकायचं. झु. नळ्या पुसून देत होती. ससे कापताना मात्र बाहेर गेली. मलाही जायचं होतं.
बर्फ भुशात घालून गाडीनं येतो. आज निम्मा पाणी होऊन आला.

१७ एप्रिल
काल माझं न् झु.चं रक्त वेळेवर. आज नवी नळी, तरी तेच, फरक नाहीच म्हटलं तरी चालेल. मग मास्तरांचं लावलं. गोठलं! आमच्यापेक्षा थोडंसंच मागं. म्हणजे सुयांचा गुण कधीच आला होता, दिसतच नव्हता.
मोठे डॉ. स्वतः आले, घड्याळ माझ्या हातातून घेतलं. "परत करा." केलं. तेच. नळी उजेडात धरून बघितली. "उद्या सकाळी चिरायला घेऊ," म्हणाले.

१८ एप्रिल
आत नेताना मास्तर म्हणाले, "बेटी, इम्तिहान तुझा की माझा?" मी म्हटलं, "दोघांचाही, मास्तर." झु. बाहेर तसबीहचे मणी ओढत बसली, मी तिच्याजवळ. तिचा हात धरून...
खडा निघाला. रक्त थांबलं. मोठे डॉ. बाहेर येऊन झु.ला म्हणाले, "यांनी अडवलं नसतं तर मी परत पाठवलं असतं."

६ मे, सोमवार
मास्तर लातूरला निघाले. डोळे पांढरे झालेत, पण ताकद नाही. दोघांनी धरून मोटारीत चढवावं लागलं. जखमेतून अजून थोडं पाणी येतं. भरेल. भरायला पाहिजे. चाकूरपर्यंत रस्ता खराब, झु.नं उशाला गोधडी घेतलीय.

९ मे
मोठ्या डॉ.नी बिलोलीची एक बाई आपणहून माझ्याकडे पाठवली. तिलाही कावीळ. नळी फोडली, आधी माझं रक्त लावलं. बरोबर. पण मृग लागल्यावर, हवा दमट झाली की नळ्या टिकतील का, माहीत नाही. बघावं लागेल.
झु. जाताना म्हणाली, ईदला लातूरला ये. येते म्हटलंय. बाबांच्या मागं घर विकलं, तेव्हापासून विचारील त्याला सांगत आले, लातूरला आता माझं कोणी नाही.