सात नंबरच्या पोटलीतला दोडका

१२ मे
नात प्रतीक्षा अमरावतीहून आली. आमच्या पातूरकडच्या बायांच्या घरच्या बियाण्याचं अ‍ॅप करून राहिली. डाटाबेस कोणता घ्यावा यात अडकली. मोंगो की काऊच. मले विचारलं नाही. म्हणून मीच ठरवून देणार. चौथी शिकली तर काय झालं, बियाण्याच्या पेटीची किल्ली पंचवीस वर्षं माझ्या पदराले आहे.

१३ मे
समजावून घेतलं. दोन्हीत बियाण्याच्या एका पोटलीचा एक कागद. एकीचा लांब, एकीचा आखूड, चालते. मोंगो सारं एका जागी ठेवणार. त्याले रेंज पाहिजे, अन् शेवटी जिनं लिहिलं तेच राहते. काऊच फोनातच लिहून घेते, रेंज आली की जुळवते. दोघींनी वेगवेगळं लिहिलं तर दोन्ही ठेवते, तुमीच निवडा म्हणते. ज्याले सोताचं मत नाही ते घरात कशाले? मोंगो घे म्हणलं.
म्हणे, आजी, मळ्यात रेंज कुठं आहे.
म्हणलं, येईल. तोवर मी आहे.

२० मे
प्रतीक्षा पेटीतल्या पोटल्या अ‍ॅपात लिहून राहिली. सात नंबरची पोटली. मी सांगितलं, दोडका. धाकटी जाऊ गंगू म्हणे, बाई, बी गुळगुळीत आहे, हे गिलकं. दोडक्याचं खडबडीत असते. सोताले चष्मा लागला अन् मले बी दाखवते. पोटलीत चिठ्ठी होती. मीच मागच्या साली काढून फेकली. मले काय करायची चिठ्ठी.
प्रतीक्षानं काऊच घेतला. माझा दोडका अन् गंगूचं गिलकं, दोन्ही ठेवले.
गंगूशी बोलणं बंद. जेवताना मीठ मागितलं, ते धरायचं नाही.

१५ जून
माझ्या शब्दावर, माझं घर धरून, अकरा घरी बी वाटलं. गंगू म्हणे, जिचं खरं निघेल, पेटीची किल्ली तिची. साऱ्या बायांसमोर हो म्हणलं. भ्यायची काय गोष्ट होती.

२ ऑगस्ट
वेल जोरात. पानं जराशी गिलक्यावानी दिसून राहिली. पाणी जास्त झालं असन.

६ ऑगस्ट, सकाळी साडेसहा
वेलावर पहिलं फूल. उघडलेलं. दोडका संध्याकाळी फुलते, गिलकं सकाळी, हे गावाले मीच शिकवलं. तोडून देवाले वाहिलं.

आठ वाजता
बाकीची दहा आंगणं पाहून आली. देव तरी किती फुलं घेईन.

संध्याकाळी
अमरावतीहून प्रतीक्षाचा फोन. आजी, कोणता कागद ठेवू? गंगूनं तिले आधीच सांगितलं, राहू दे दोन्ही, बाई मोठ्या आहेत. हे जास्त झोंबलं. मोंगो घेतला असता तर शेवटी मीच लिहिलं असतं.
किल्ली गंगूच्या उंबऱ्यावर टाकून आली. कोणी विचारलं तर सांगीन, हरवली होती.